झाकलं जाण्याआधी पाहून घ्या: स्वतःचं घर बांधताना कामाचा माग कसा ठेवावा

कराडला आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते. दर शनिवारी पहाटेची एसटी पकडायची, दहाच्या आत प्लॉटवर पोचायचं आणि काम किती वर आलं ते बघायचं, असा पहिल्या दीड महिन्यातला माझा क्रम होता. कॉलम जमिनीच्या वर डोकावले त्या शनिवारी मी हरखून फोटो काढत सुटले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज साइटवर असायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "या कॉलमच्या तळाला पहार मारल्यावर काय लागलं, ते विचारलंस का कुणाला?" मी विचारलं नव्हतं. आणि खड्डे दोन दिवसांपूर्वीच बुजले होते. अण्णांनी ते स्वतः पाहिलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आज मी ते सांगू शकते.

रंग बदलता येतो, फरशी उखडता येते, दारं नवीन बसवता येतात. पण पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, पाइप भिंतीत आणि वॉटरप्रूफिंग फरशीखाली. तिथे राहिलेली चूक दुरुस्त करायची तर घर फोडावं लागतं. म्हणून घराची प्रगती उंचीवर मोजू नका. दर आठवड्याला कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा: येत्या आठ दिवसांत काय काय झाकलं जाणार आहे? ते झाकलं जाण्याआधी तिथे हजर राहा. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिलं आहे. स्वतःच्या प्लॉटवर, कंत्राटदाराकडून घर बांधून घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

कुदळ पडण्याआधी

मोजणीचा नकाशा, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी हे कागद बहुतेकांकडे असतात. राहून जातात ती आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची ड्रॉइंग. फुटिंगची (कॉलमखालच्या पायाच्या रुंद तळाची), कॉलमची, बीमची आणि स्लॅबची वेगवेगळी ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनिशी तुमच्या हातात हवीत. फक्त कंत्राटदाराकडे असून भागत नाही. आम्ही त्यांच्या मोठ्या प्रती काढून लॅमिनेट केल्या आणि सिमेंटच्या खोलीच्या दारावर आतून लावल्या. फिटर, म्हणजे सळई बांधणारा कारागीर, आणि मी एकाच कागदाकडे बोट दाखवून बोलू लागलो, तेव्हा निम्मे वाद तिथेच मिटले.

करारात पैशांचे हप्ते महिन्यावर ठरवू नका, टप्प्यावर ठरवा: जोते झालं, पहिला स्लॅब भरला, वीटकाम संपलं, आतलं प्लास्टर झालं, असे. गृहकर्ज देणाऱ्या बँकाही याच पद्धतीने पैसे सोडतात. पैसे कायम कामाच्या एक पाऊल मागे असावेत. हप्ता द्यायची वेळ आली की, तो टप्पा खरोखर पूर्ण झाला का, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्यामुळे बांधकामातल्या दोषांबद्दल ताब्यापासून पाच वर्षांचं संरक्षण आहे. आपल्या प्लॉटवर कंत्राट देऊन घर बांधणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही. किती काळ, कोणत्या दोषाची दुरुस्ती कंत्राटदार स्वखर्चाने करील, हे करारात लिहून घ्यावं लागतं. सोबत एकूण रकमेतला थोडा भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचं कलमही घाला. आम्ही पाच टक्के ठेवले होते.

वही आणि फोटो

शंभर पानी, पुठ्ठ्याची, शाळेत असते तशी वही घ्या. मोबाइलवर फोटो राहतात, पण कधी काय झालं हे शोधायला वहीच कामी येते. रोजच्या नोंदीत पाच गोष्टी पुरतात: तारीख आणि हवामान, किती गवंडी आणि किती बिगारी आले, कोणतं काम झालं, कोणता माल आला आणि कोणी कोणाला काय सांगितलं. शेवटची गोष्ट लिहायचा कंटाळा करू नका. "बाथरूमची खिडकी सहा इंच वर घ्या असं आईने गवंड्याला सांगितलं", ही एक ओळ तीन महिन्यांनी फार मोलाची ठरते.

वहीच्या मागच्या बाजूने दुसरा हिशोब सुरू करा: जादा काम. कंत्राटदाराशी होणारी बहुतेक भांडणं मूळ रकमेवरून होत नाहीत, मधेच सुचलेल्या वाढीव कामावरून होतात. देवघरासाठी कोनाडा, गच्चीवर जास्तीची टाकी, पायऱ्यांना ग्रॅनाइट. प्रत्येक गोष्ट काम सुरू होण्याआधी रकमेसह लिहायची आणि खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या.

फोटोंची शिस्त आम्हाला उशिरा लागली. घराच्या चार कोपऱ्यांवर चार जागा ठरवा आणि दर वेळी तिथूनच फोटो काढा, म्हणजे आठवड्याआठवड्याचा फरक कळतो. झाकल्या जाणाऱ्या कामाचा फोटो काढताना मात्र मोजपट्टी फोटोत दिसलीच पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाइपचे फोटो सुंदर आले होते, पण त्यात टेप नव्हती. राहायला आल्यावर पाणी शुद्ध करायचं यंत्र टांगायला भिंतीत ड्रिल मारलं आणि ते थेट गरम पाण्याच्या पाइपमध्ये गेलं. नव्याकोऱ्या भिंतीतून पाण्याची धार लागली. फोटोत पाइप दिसत होता, पण कोपऱ्यापासून किती इंचांवर ते कळत नव्हतं.

दुबई किंवा अमेरिकेत राहून गावाकडे घर बांधणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी व्हिडिओ कॉलची वेळ पक्की ठेवावी आणि समोरच्या माणसाला त्याच चार कोपऱ्यांवरून फिरायला सांगावं. "सगळं छान चाललंय" हे उत्तर नोंद म्हणून धरू नका.

आखणी आणि खड्डे

फक्की मारून आखणी झाली की लगेच खोदाई सुरू होते, त्यामुळे तपासायला तासाभराचाच वेळ मिळतो. काटकोन तपासायची जुनी रीत आहे: कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या प्लॉटवर हेच ६, ८ आणि १० फुटांनी करा, अधिक अचूक येतं. मग पूर्ण घराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर घर तिरकं आहे. सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून सोडायची जागा, मंजूर नकाशावरून त्याच वेळी टेपने मोजून घ्या.

खोलीसाठी एक न हलणारी खूण लागते. शेजारच्या पक्क्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर लाल रंगाने रेघ मारा आणि गवंड्याच्या लेव्हल नळीने सगळी मापं तिथून घ्या. जोत्याची उंचीही पुढे याच रेघेवरून ठरते. रस्त्याची पातळी नंतर डांबराच्या थरांनी वाढत जाते, हे धरून जोते ठेवा.

कृष्णाकाठची काळी माती शेतीला सोनं असली तरी घराला वैरीण आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगा पाडते. त्यामुळे नकाशात पाच फूट लिहिलं म्हणून पाच फुटांवर थांबायचं नसतं. काळी माती संपून कठीण मुरूम लागला पाहिजे. अण्णा प्रत्येक खड्ड्यात उतरले. पहार मारली की काही खड्ड्यांत ती टणकन उसळायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या दोन खड्ड्यांत मात्र ती भसकन आत रुतायची. इंजिनिअरने ते दोन खड्डे आणखी दीड फूट खाली न्यायला लावले. इंजिनिअरने तळ पाहिल्याशिवाय पीसीसी, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटचा तळाचा थर, टाकू द्यायचं नाही, हा नियम पाळाच. त्या दिवशीची त्यांची सही वहीत घ्या.

फुटिंगची जाळी पीसीसीवर थेट टेकलेली नको. खाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईला काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे, हवेत. कॉलमला ४०, बीमला २५ आणि स्लॅबला २० मिलिमीटर ही मापं साध्या घराला साधारण धरतात, तुमच्या ड्रॉइंगवर वेगळं असेल तर ते खरं. कव्हर म्हणून खडीचे किंवा विटेचे तुकडे सरकवायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती चालवून घेऊ नका. तुकडा सरकला की सळई उघडी पडते आणि काही वर्षांत गंजून काँक्रीट फोडते.

आलेला माल

वाळू, खडी, मुरूम ब्रासवर येतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी व्हायच्या आधी हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकार करा आणि शंभराने भागा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच भरलेला हौदा २.१ ब्रास होतो. उंची मधोमध मोजू नका, चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. ओलसर वाळू वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत फुगते, तेही लक्षात असू द्या. वाळूतली माती बघायला काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घाला, चमचाभर मीठ टाकलेलं पाणी भरा, हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा जाड दिसला तर गाडी परत पाठवा.

सळईचं वजन घरबसल्या तपासता येतं. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, हे आलं एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरच्या सळईचं एका मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरच्या पूर्ण नगाला सुमारे १०.७ किलो. नग मोजा, गुणा आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहा. आयएस १७८६ या भारतीय मानकात १२ मिलिमीटरच्या सळईला पाच टक्के कमी-जास्त चालतं. त्यापलीकडे गेलं तर दुकानदाराला विचारा.

सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांच्या वरचं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.

रिंगा

कॉलमच्या सळया बांधणाऱ्या रिंगा ही छोटी गोष्ट आहे, पण मी तिच्यासाठी वेगळी जागा राखली आहे, कारण कराडपासून कोयनानगर जवळ आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा शाळेत होते. घरातली सगळी माणसं अंधारात, थंडीत रस्त्यावर उभी होती, हे ते अजून सांगतात. त्यांनी फिटरला पहिल्याच दिवशी विचारलं, "रिंगेचा आकडा किती वाकवतोस?"

कॉलमची उभी सळई एकत्र बांधून ठेवणाऱ्या चौकोनी रिंगेची दोन टोकं जिथे भेटतात, तिथला आकडा १३५ अंशात, म्हणजे काँक्रीटच्या पोटात वळलेला हवा आणि साधारण तीन इंच आत गेलेला हवा. काटकोनात वाकवलेली रिंग रोजच्या वजनाला पुरते. भूकंपात वरचं कव्हर उडालं की मात्र ती उघडते आणि सळया बाहेर फुगतात. आमचा फिटर म्हणाला, "अण्णा, आम्ही सगळीकडं नव्वदलाच वाकवतो, काय होत नाय." अण्णांनी त्याला सोबत बसवून घेतलं, एक रिंग स्वतः वाकवून दाखवली आणि चहा पाजला. त्या दिवसापासून सगळ्या रिंगा नीट झाल्या, आणि जोड रिंगागणिक वेगवेगळ्या कोपऱ्यावर येतील अशा बांधल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या भागात झाला, तो तोवर भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला भाग मानला जात होता. आमच्याकडे कुठे येतो भूकंप, असं म्हणून ही तपासणी सोडू नका.

जोते

फुटिंग आणि कॉलमनंतर भराव येतो. मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांत टाकायचा, पाणी मारायचं आणि धुम्मसाने चोपायचा. एकदम तीन फूट टाकून वरून पाणी सोडलं तर एक-दोन पावसाळ्यांत फरशी खचते. वाळवीचा उपाय कोबा टाकण्याआधी करून घ्या. नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप जोत्यातून कुठून जाणार ते इथेच ठरतं, त्यांचा टेपसह फोटो काढा. स्थानिक कार्यालयाकडून जोते तपासणी करून घ्यायची असेल तर वर चढण्याआधी अर्ज द्या. भोगवटा प्रमाणपत्राच्या (घर वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या) वेळी हे कागद लागतात.

स्लॅबचा दिवस

स्लॅबच्या दिवशी सुट्टी काढा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही आलात तरी चालेल, पण या दिवशी पहाटेपासून थांबा. खरं काम मात्र आदल्या दिवशीचं आहे. सेंट्रिंग (ओलं काँक्रीट पेलणारा प्लेटा-टेकूंचा साचा), सळई आणि विजेच्या नळ्या पूर्ण झाल्यावर इंजिनिअरला बोलवा आणि ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक बीमची सळई मोजा. किती नग, किती व्यासाचे, खाली किती, वर किती. रिंगांमधलं अंतर आधाराजवळ कमी आणि मध्यात जास्त असतं, तेही टेप लावून पाहा. प्लेटांमधल्या फटी बुजवल्यात का, टेकू सरळ आहेत का, त्यांच्याखाली फळी आहे का, हे खाली जाऊन पाहा. टेकू नुसत्या भुसभुशीत मातीवर उभे असतील तर स्लॅब बसतो. पंख्याचे डबे आणि नळ्यांचा सावकाश फिरून व्हिडिओ करा, बोलत बोलत: "हा हॉल, पूर्वेच्या भिंतीपासून साडेपाच फूट."

माल किती लागेल याचा हिशोब आदल्या रात्री मांडून ठेवा. १००० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ४१७ घनफूट, म्हणजेच ११.८ घनमीटर. सिमेंट, वाळू आणि खडी एकास दीडास तीन या प्रमाणाच्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागतं. नुसत्या स्लॅबला पंच्याण्णवच्या आसपास पोती झाली, बीमची वेगळी धरा. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. दिवसभर मिक्सरजवळ डोळ्यांत तेल घालून उभं राहणं जमत नाही, पण रिकामी पोती मोजणं आईलाही जमलं. तिने ती दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधून ओळीने लावली होती.

मिक्सरवर मापाची पेटी वापरायला लावा. ३५ लिटरची पेटी म्हणजे एका पोत्याच्या घनफळाइतकी. एका पोत्याला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी. पाणी एका पोत्याला ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नका, वाळूतला ओलावाही त्यातच धरा. माल पसरायला सोपा जावा म्हणून पाइपने पाणी सोडायचा मोह मजुरांना होतो, आणि घामाघूम झालेल्या माणसाला तो होणं साहजिक आहे. त्यांना जास्त पाण्याने स्लॅब कमजोर होतो हे समजावून सांगा, व्हायब्रेटर चालू स्थितीत एक जास्तीचा ठेवा आणि काम पटकन होण्यासाठी चार माणसं वाढवा.

आता आमच्या गॅलरीची गोष्ट. पुढे काढलेल्या गॅलरीला किंवा छज्ज्याला वजन पेलणारी मुख्य सळई वरच्या बाजूला असते. घरातल्या स्लॅबला मध्यभागी ती खाली असते, इथे उलटं. ती वर उचलून धरायला खाली सळईच्या चैरा (छोट्या घोड्या) ठेवतात. दुपारी जेवणानंतर माल गॅलरीकडे सरकला तेव्हा घमेली घेऊन धावणाऱ्या माणसांच्या पायांखाली चैरा चेपल्या. वरून काही कळत नव्हतं, ओलं काँक्रीट सपाट दिसत होतं. अण्णांनी हातातली काठी हळूच मालात खुपसली. वरून इंचभरावर लागायला हवी ती सळई तीन इंच खाली लागली. पाच इंचांच्या गॅलरीत तीन इंच खाली म्हणजे ती सळई जवळजवळ निरुपयोगी झाली होती. त्यांनी काम थांबवलं. फिटरने हाताने माल बाजूला करून सळई आकड्याने वर ओढली, नव्या चैरा घातल्या, चालायला वरून फळ्या टाकल्या आणि मग पुन्हा भरलं. वीस मिनिटं गेली. त्या गॅलरीत आज आम्ही सगळे चहाला बसतो. तुमच्या स्लॅबच्या दिवशी फळ्या सकाळीच टाकून घ्या.

दुपारी केव्हातरी क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्या. १५० मिलिमीटरचे सहा साचे, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी तपासायला. माल मिक्सरमधून तुमच्यासमोर घेतलेला असावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही तपासणी फी भरून होते. एम-२० चा अर्थ २८ दिवसांनी एका चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. सात दिवसांचा आकडा साधारण दोन तृतीयांश आला की जीव भांड्यात पडतो.

स्लॅब भरून झाला की सगळ्यांना जेवण द्यायची आपल्याकडे रीत आहे. ती मनापासून पाळा.

पाणी आणि टेकू

स्लॅबनंतरचे पंधरा दिवस दिसायला काहीच होत नाही, आणि हेच दिवस सगळ्यात जास्त सांभाळायचे असतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, कडक उन्हात किंवा पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस सतत ओल हवी, आणि मिश्र सिमेंटला ती १४ दिवसांपर्यंत न्यावी असं त्यात सांगितलं आहे. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणून १४ दिवस धरूनच चाला. स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे वाफे करून पाणी कोंडा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते दुपारी वाळू देऊ नका. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे झालं असं नाही. दुपारी दोन वाजता हात लावून गोणपाट ओलं आहे का ते पाहा.

प्रत्येक कॉलमवर, बीमवर तो भरल्याची तारीख खडूने मोठी लिहून ठेवा. आमच्याकडे हे काम माझ्या भाच्याने आवडीने केलं. त्या तारखांनीच एक संकट टाळलं. नवव्या दिवशी सेंट्रिंगवाला टेकू काढायला आला, कारण त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. गॅलरीखालचे दोन टेकू निघालेही होते. आईने बीमवरची तारीख दाखवली आणि इंजिनिअरला फोन लावला. टेकू लगेच परत लागले. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे २१ दिवसांनी काढता येतात. हे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला जास्त थांबावं. गॅलरीचे टेकू काढताना बाहेरच्या टोकाकडून आत यायचं असतं. कोणत्या दिवशी काय खोलायचं ते इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि तो कागदही दारावर लावा.

वीटकामापासून पुढे

वीटकाम भराभर दिसतं, त्यामुळे घरच्यांना फार आनंद होतो. त्यात पाहायचं थोडंच. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, कमरेएवढ्या उंचीवरून मातीवर टाकली तर फुटता कामा नये, आणि लावण्याआधी भिजवलेल्या हव्यात. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवू नये. चार इंची भिंतीत दर तीन-साडेतीन फुटांवर सळईची पातळ पट्टी हवी. ओळंबा स्वतः सोडून पाहा, गवंड्याला राग येत नाही. चांगला गवंडी उलट कौतुकाने तुमच्या हातात ओळंबा देतो.

मग पुन्हा झाकली जाणारी कामं येतात. नळाच्या आणि विजेच्या नळ्यांसाठी भिंतींना खाचा पडल्या की प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, कोपऱ्यापासून आणि फरशीच्या पातळीपासून टेप लावलेला. प्लास्टर करण्याआधी पाण्याच्या लाइनला पंपाने दाब द्या आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी गेजचा काटा उतरलेला दिसला तर गळती शोधा, मगच खाचा बुजवा. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी ठोकून घ्या, नाहीतर नेमकी तिथेच उभी चीर जाते. प्लास्टर वाळल्यावर लाकडाच्या तुकड्याने भिंतीवर टकटक करत फिरा. बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा आणि तेवढं काढून पुन्हा करायला सांगा.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. गच्चीचंही तेच. गच्चीला उतार आहे का ते बघायला बादलीभर पाणी ओता आणि ते पाइपकडे जातं का पाहा.

फरशी, रंग, दारं, खिडक्या इथे मी फार थांबत नाही, कारण हे उघड्यावर असतं आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यात लक्ष घालतंच.

कामाचा क्रम लावताना पावसाळ्याचा विचार आधीच करा. दसरा-दिवाळीनंतर पाया घेतला तर मे अखेरपर्यंत वरचा स्लॅब बांधून होतो आणि पावसाळ्यात आतलं वीटकाम, प्लास्टर चालतं. मे महिन्यात भरलेल्या स्लॅबला पाणी दुप्पट लागतं, त्यासाठी टँकरचा खर्च आधीच धरा.

राहायला आल्यावर

वास्तुशांत झाली तरी वही बंद करू नका. भोगवटा प्रमाणपत्र हातात घ्या, सगळी ड्रॉइंग, क्यूबचे निकाल, पाइपांचे फोटो आणि विजेच्या नळ्यांचे व्हिडिओ एका पेनड्राइव्हमध्ये भरा आणि घराच्या कागदांसोबत ठेवा. प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा ते आधी दाखवा.

पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री आम्ही तिघं टॉर्च घेऊन घरभर फिरलो. खिडक्यांचे खालचे कोपरे, गच्चीच्या जिन्याचं छत, कॉलमजवळच्या भिंती, बाथरूमच्या खालची बाजू. माजघरातल्या एका खिडकीच्या कोपऱ्यात ओल दिसली. अण्णांनी तारीख, वेळ आणि ओलीची लांबी वहीत लिहिली, मी टेप लावून फोटो काढला. ऑक्टोबरमध्ये कंत्राटदाराने खिडकीच्या वरच्या छज्ज्याचा उतार दुरुस्त केला. पुढच्या पावसात ती जागा कोरडी राहिली, ते लिहून झालं आणि राखून ठेवलेले पाच टक्के आम्ही त्याच आठवड्यात त्याला दिले.